पंधरा नंबर म्हणजे नेमका कोणता दिवा?

एकाच दिवशी दुपारी दादरच्या शिवाजी मंदिरात आणि रात्री ठाण्याच्या गडकरी रंगायतनमध्ये प्रयोग लागणं मराठी नाटकाला नवं नाही. मधल्या काही तासांत नेपथ्य उतरतं, टेम्पोत चढतं आणि दुसरीकडे पुन्हा उभं राहतं. कपडेपट सोबत जातो, नटमंडळीही जातात. दिव्यांचं मात्र तसं नसतं. काही नाटकं आपले दिवे घेऊन फिरतात, काही नाट्यगृहातल्या दिव्यांवर भागवतात, बरीचशी दोन्हींची मोट बांधतात. दिवे आपलेच असले तरी ते टांगायचा बार, पिन खुपसायचं सॉकेट आणि त्या सॉकेटमागचा डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करणारा खोका, त्या त्या वास्तूचा असतो. सॉकेटांचे क्रमांक दोन ठिकाणी सारखे असण्याचं काही कारण नाही. असं असूनही नायिका पत्र वाचून संपवते त्याच वाक्याला खिडकीतून येणारा उजेड रात्रीही निळा होतो, तितकाच आणि तितक्याच सावकाश. ऑपरेटरने फक्त ‘गो’चं बटण दाबलेलं असतं. त्याच्या फाइलमध्ये शंभरेक क्यू, म्हणजे उजेडाचे आधी नोंदवून ठेवलेले बदल, आहेत असं धरू. त्यातला एकही आकडा दुपारनंतर बदललेला नाही. मग नव्या वास्तूत तो उजेड बरोबर खिडकीतूनच कसा येतो?

याचं उत्तर क्यू लिहिण्याच्या आधी भरलेल्या एका कंटाळवाण्या तक्त्यात आहे. त्याला पॅच म्हणतात. त्याच्या जोडीला ग्रुप असतात. प्रकाशयोजना शिकवताना हे दोन्ही विषय अर्ध्या तासात उरकले जातात, कारण ते कारकुनी समजले जातात. खरी कला पुढे, रंगात आणि क्यूमध्ये आहे, असा समज असतो. माझ्या मते योजनेचा विचार याच दोन तक्त्यांत पहिल्यांदा कागदावर येतो. ते कच्चे राहिले तर पुढे लिहिलेला प्रत्येक क्यू एकाच वास्तूला बांधला जातो.

तारेतून जातं काय?

बोर्ड असो वा लॅपटॉप, त्याच्यापासून दिव्यांपर्यंत जाणारी भाषा आज बहुतेक ठिकाणी एकच आहे: डीएमएक्स ५१२. त्याआधी प्रत्येक डिमरला स्वतंत्र बारीक तार असायची. तिच्यातून शून्य ते दहा व्होल्टचा दाब पाठवला की डिमर त्या प्रमाणात उघडायचा. साठ डिमर असले तर साठ तारांचा जुडगा. पुढे कंपन्यांनी एकाच तारेतून सगळे आकडे पाठवण्याच्या आपापल्या पद्धती काढल्या. पण एका कंपनीचा बोर्ड दुसरीच्या डिमरशी बोलेना. अमेरिकेतल्या यूएसआयटीटी या रंगमंच-तंत्रज्ञांच्या संस्थेने १९८६ साली एक समान पद्धत ठरवून दिली, १९९० साली ती सुधारली आणि तीच आजवर टिकली आहे.

या पद्धतीचं मर्म तिच्या साधेपणात आहे, किंबहुना अडाणीपणात. बोर्ड एकामागोमाग एक ५१२ आकडे पाठवतो, प्रत्येक आकडा शून्य ते २५५ च्या दरम्यान. मग एक छोटी विश्रांती, आणि पुन्हा पहिल्यापासून. एका आकड्याला सेकंदाचे ४४ दशलक्षांश भाग लागतात, त्यामुळे अख्खी रांग सेकंदाला सुमारे ४४ वेळा जाऊन येते. या रांगेत कुठल्याही दिव्याचं नाव नसतं. तारेवरचा प्रत्येक डिमर आणि प्रत्येक एलईडी दिवा सगळी रांग ऐकतो, विश्रांतीनंतर मोजायला लागतो आणि आपली पाळी आली की तेवढे आकडे उचलतो. कितव्या आकड्यापासून उचलायचं, हा त्याचा पत्ता. ही वाहतूक एकतर्फी आहे. दिवा ‘पोचलं’ म्हणत नाही. पत्त्यावर दिवा आहे, दिवा जळालेला आहे की मुळात तिथे तारच नाही, यातलं काहीच बोर्डाला कळत नाही. उत्तर देण्याची सोय आरडीएम नावाच्या पुरवणीने २००६ साली आणली, पण ती समजणारे दिवे आणि मधली यंत्रं सगळीकडे असतीलच असं नाही.

साध्या हॅलोजनच्या डिमरला एक आकडा पुरतो: किती उजेड. एलईडी पारला तेवढ्याने भागत नाही. सहा आकडे घेणारा एक दिवा धरू: एकूण उजेड, लाल, हिरवा, निळा, पांढरा आणि लुकलुक. पहिला दिवा पत्ता १ वर बसला तर तो १ ते ६ खातो, म्हणून दुसऱ्याने ७ वर बसायचं, तिसऱ्याने १३ वर. आता दुसरा चुकून ६ वर लावला गेला तर काय दिसेल? सॉफ्टवेअर दुसऱ्या दिव्याचा उजेड सातव्या आकड्यात पाठवतंय, पण ६ पासून मोजणारा दिवा सातव्याला ‘लाल’ समजतो. त्याचा स्वतःचा उजेड सहाव्या आकड्यावर, म्हणजे पहिल्याच्या लुकलुकीवर अवलंबून राहतो. परिणामी दुसरा दिवा कितीही चढवा, काळाच. आणि पहिल्याला लुकलुकायला सांगितलं की दुसरा लाल पेटतो. रंगमंचावर ‘सिस्टिम वेडी झाली’ म्हणतात तो प्रकार पुष्कळदा एवढाच असतो: कुणीतरी एका घराने पुढेमागे बसलेलं असतं.

चौकट: पत्ता ३७ कसा लावतात
छोटा पडदा असलेल्या दिव्यावर बटणं दाबून ‘d037’ असं काही आणलं की काम झालं. जुन्या दिव्यांच्या आणि डिमरच्या पाठीवर मात्र बारीक खटक्यांची ओळ असते. पहिल्या नऊ खटक्यांची किंमत डावीकडून १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८ आणि २५६. वर केलेल्या खटक्यांची बेरीज म्हणजे पत्ता. ३७ म्हणजे ३२, ४ आणि १. म्हणून पहिला, तिसरा आणि सहावा खटका वर, बाकीचे खाली. दहावा खटका असला तर तो बहुतेक वेळा वेगळ्या कामाला ठेवलेला असतो. तो चुकून वर राहिला तर दिवा बोर्डाचं न ऐकता आपल्या मनाने रंग बदलत बसतो. सहा आकड्यांच्या दिव्यांच्या रांगेत ३७ हा सातव्या दिव्याचा पत्ता.

दोन नंबर आणि मधला तक्ता

पत्ता ही यंत्राची सोय आहे. पंधरा नंबरचा पत्ता म्हणजे कोणता दिवा हे त्या दिवशी कुणी कुठली पिन कुठे खुपसली यावर ठरतं. माणसाला हवं असतं ते वेगळंच: ‘मधल्या भागावरचा समोरून येणारा थंड उजेड’. म्हणून सॉफ्टवेअर दुसरा एक नंबर देतं. त्याला चॅनेल म्हणतात. क्यू चॅनेलच्या भाषेत लिहायचा, तार पत्त्याच्या भाषेत बोलणार, आणि कुठल्या चॅनेलचं म्हणणं कुठल्या पत्त्यावर पोचवायचं हे सांगणारा तक्ता म्हणजे पॅच. इथे एक घोळ आधीच मिटवायला हवा. क्यूएलसी प्लससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आणि स्वस्त बोर्डांवर दिव्याच्या प्रत्येक आकड्यालाही चॅनेलच म्हणतात, म्हणजे सहा आकड्यांचा पार हा तिथे सहा चॅनेलचा दिवा. या लेखात चॅनेल म्हणजे ऑपरेटर ज्या नंबराने दिव्याला हाक मारतो तो, एवढंच.

एसटीच्या आगारात हाच व्यवहार रोज चालतो. ‘सकाळी सातची कोल्हापूर’ ही फेरी वेळापत्रकात कायम असते. त्या फेरीला आज कोणती गाडी द्यायची हे आगारात ठरतं. गाडी नादुरुस्त झाली तर दुसरी लावतात, वेळापत्रक नव्याने छापत नाहीत. क्यू हे वेळापत्रक, चॅनेल ही फेरी, पत्ता ही नंबरप्लेट असलेली प्रत्यक्ष गाडी आणि पॅच म्हणजे आगारातली आजची वही. गर्दीच्या दिवशी एका फेरीला दोन गाड्या सोडता येतात, तसं एका चॅनेलला दोन, चार, दहा पत्ते जोडता येतात: पाठीमागच्या पडद्यावरचे आठही दिवे एकत्रच लागणार असतील तर ते आठ पत्ते मिळून एक चॅनेल. पण एकच गाडी एकाच वेळी कोल्हापूरला आणि नाशिकला जात नाही. दोन दिवे एकाच डिमरवर जोडले असतील तर जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर त्यांना वेगळं करू शकणार नाही. डिमरची ताकद पुरते म्हणून एक-एक हजार वॅटचे दोन पार जोडपिन लावून एकाच सॉकेटवर चढवले जातात, तेव्हा विजेच्या हिशेबाने सगळं ठीक असतं. पण ते दोन दिवे त्या प्रयोगापुरते एक दिवा झालेले असतात. योजनेचा हा निर्णय वायरमनच्या हातून, कुणाच्या लक्षातही न येता होतो. म्हणून पॅचचा विचार शिडी लागायच्या आधी व्हायला हवा असं म्हणतात.

पूर्वी हा तक्ता आकड्यांचा नव्हता, लाकूड आणि पितळेचा होता. डिमर महाग होते. रंगमंचावर शंभर सॉकेट असली तरी डिमर वीस-तीसच, त्यामुळे सॉकेटांकडून येणाऱ्या तारा टेलिफोन एक्सचेंजसारख्या फलकावर हाताने त्या त्या डिमरमध्ये खोचल्या जात. तुटपुंजे डिमर पुरवून वापरण्याची ती रेशनिंगची व्यवस्था होती. इलेक्ट्रॉनिक डिमर स्वस्त झाले, बऱ्याच नाट्यगृहांत सॉकेटागणिक डिमर आला आणि फलकाची गरज सरली. त्याच सुमारास दुसरी गोष्ट घडली, आणि ती अधिक महत्त्वाची आहे: बोर्डाला स्मरणशक्ती आली. ब्रॉडवेवर १९७५ साली ‘अ कोरस लाइन’ या संगीतिकेसाठी थॅरन मसर यांनी संगणकीय स्मृती असलेला बोर्ड वापरला. ब्रॉडवेवरचा तो पहिला मानला जातो. हाताने दांडे ओढणारा माणूस नव्या वास्तूत गेला की स्वतःच पॅचचं काम करायचा. ‘खिडकी’ आज तिसऱ्या दांड्यावर आहे हे तो मनात ठेवायचा. यंत्राला खिडकी कळत नाही. त्याला आकडा आठवतो, आणि तो आकडा कालच्या वास्तूतला असतो. स्मृती इतकी शब्दशः झाल्यावर अर्थ आणि आकडा यांच्यामध्ये कुणीतरी उभं राहणं भाग होतं. सॉफ्टवेअरमधल्या पॅचचं मोल तिथपासून आहे.

आजच्या पॅचच्या ओळीत पत्त्याखेरीज आणखीही माहिती असते. हा दिवा कुठल्या जातीचा आहे आणि त्याचा कितवा आकडा काय करतो, हे सांगणारं वर्णन त्यातलं मुख्य. त्याला फिक्श्चर प्रोफाइल म्हणतात. हलत्या दिव्यांत त्याचं महत्त्व लगेच कळतं. आडवा ५४० अंश फिरणारा दिवा एकाच आकड्यावर चालवला तर त्याचे २५५ टप्पे पडतात, म्हणजे दर टप्प्याला दोन अंशांहून थोडं अधिक. दहा मीटरवर उभ्या नटापाशी तेवढ्याने उजेड सदतीस सेंटीमीटर सरकतो. नटाचा चेहरा एका टप्प्यात अंधारात. म्हणून बहुतेक दिवे त्याच हालचालीला दोन आकडे घेतात, एक ढोबळ आणि एक बारीक. मिळून ६५ हजारांवर टप्पे होतात आणि तेच सरकणं दीड मिलिमीटरच्या आत येतं. ऑपरेटरला यातलं काही दिसत नाही. तो ‘डावीकडे’ म्हणतो, प्रोफाइल त्याचे दोन आकडे करतं. मात्र बऱ्याच दिव्यांना दोन-तीन रूपं असतात, सहा आकड्यांचं, आठ आकड्यांचं. दिव्यावर एक आणि सॉफ्टवेअरमध्ये दुसरं निवडलं गेलं की पत्ता अगदी बरोबर असूनही उजेड मागितल्यावर लाल रंग येतो. दिवा बदलून पाहणं, तार बदलून पाहणं, यात मग वेळ जातो.

५१२ ची मर्यादा आता फारशी आड येत नाही. अशा ५१२ च्या एका रांगेला युनिव्हर्स म्हणतात. सहा आकड्यांचे ८५ दिवे एका युनिव्हर्समध्ये मावतात, आणि पुढचे दुसऱ्यात जातात. आर्ट-नेट आणि एसएसीएन या पद्धतींमुळे अनेक युनिव्हर्स एकाच नेटवर्कच्या तारेतून धावतात. पण त्यातही आत ५१२ आकड्यांच्या रांगाच असतात आणि वरचं सगळं तर्कशास्त्र जसंच्या तसं लागू पडतं.

नंबर देण्यातली दूरदृष्टी

चॅनेलचे नंबर आपण ठरवायचे असतात, म्हणून ते कसेही ठरवले तरी चालतं असं वाटतं. इथेच चांगला तक्ता आणि वाईट तक्ता वेगळे होतात. स्टॅनली मॅककँडलेस या येल विद्यापीठातल्या अध्यापकांनी १९३२ साली रंगमंचाच्या प्रकाशयोजनेची एक पद्धत पुस्तकरूपाने मांडली. मंच काही भागांत वाटायचा, प्रत्येक भागाला दोन बाजूंनी उजेड द्यायचा, एक उबदार आणि एक थंड. ती पद्धत आज कुणी तंतोतंत पाळत नाही, पण मंचाचे भाग पाडून विचार करण्याची सवय तिथून आली. समजा मंचाचे नऊ भाग केले: प्रेक्षकांजवळची ओळ १, २, ३, मधली ४, ५, ६ आणि मागची ७, ८, ९. आता समोरच्या उबदार दिव्यांना १ ते ९, समोरच्याच थंड दिव्यांना ११ ते १९ आणि पाठीमागून येणाऱ्यांना २१ ते २९ असे चॅनेल दिले. १०, २० मुद्दाम रिकामे सोडले. मग ५, १५ आणि २५ हे तिन्ही मंचाच्या मधोमधचे, आणि शेवटचा अंक हा जागेचा अंक. शीर्षकातला पंधरा नंबर म्हणजे इथे मधल्या भागावर समोरून पडणारा थंड दिवा, दादरला तो पत्ता २२ वर असो की ठाण्याला ३१ वर. काळोखात बसलेल्या ऑपरेटरला दिग्दर्शक म्हणतो, ‘मधे जरा थंड वाढव’, तेव्हा तो कागद शोधत नाही.

या शिस्तीचा खरा लाभ अडचणीत दिसतो. प्रयोगाला अर्धा तास असताना बावीस नंबरचा डिमर बसला. पॅच नीट असेल तर पिन मोकळ्या एकतीसमध्ये खोचायची आणि तक्त्यात चॅनेल १५ समोर २२ खोडून ३१ लिहायचं. नाटकातले सगळे क्यू आपोआप बरोबर. क्यू पत्त्यावर लिहिलेले असतील तर पंधरा नंबरचा दिवा ज्या ज्या क्यूमध्ये येतो ते सगळे उघडून दुरुस्त करावे लागतील, आणि एखादा हमखास राहील.

ग्रुप: नाटकाच्या भाषेतली नावं

चॅनेलने यंत्राचा पत्ता लपवला, पण चॅनेलही अजून नंबरच आहे. नाटकात नंबर नसतात. दिवाणखाना असतो, अंगण असतं, आईची खोली असते. १, २, ४, ५ आणि ११, १२, १४, १५ हे चॅनेल मिळून ‘दिवाणखाना’, असं एकदा सांगून ठेवलं की पुढे त्या नावानेच काम होतं. एक दिवा कितीही ग्रुपांत असू शकतो. पंधरा नंबर दिवाणखान्यात आहे, ‘सगळे थंड’मध्ये आहे, ‘मधली पट्टी’मध्येही आहे. ग्रुप म्हणजे फक्त निवड. त्यात किती उजेड हे नसतं.

इथे नवखे ऑपरेटर हटकून गोंधळतात, कारण बोर्डावर ग्रुपसारखीच दिसणारी आणखी एक गोष्ट असते: सबमास्टर, म्हणजे बऱ्याच चॅनेलचे ठरवलेले उजेड एका फेडरवर बांधून ठेवणं. ‘दिवाणखाना’ ग्रुप निवडून ६० म्हटलं तर आठही दिवे साठवर जातात, कोपऱ्यातला मुद्दाम मंद ठेवलेला दिवासुद्धा. सबमास्टर साठवर नेला तर प्रत्येक दिवा आपल्या ठरलेल्या उजेडाच्या साठ टक्क्यांवर येतो आणि त्यांच्यातला चढ-उतार शाबूत राहतो. योजना रचताना ग्रुप कामाचा, चालू प्रयोगात हाताने सांभाळायचं असेल तर सबमास्टर.

आणि दोन सबमास्टर एकाच दिव्यावर हक्क सांगू लागले तर? बहुतेक यंत्रं उजेडाच्या बाबतीत ‘मोठा आकडा जिंकेल’ हा नियम लावतात. पंधरा नंबर ‘दिवाणखाना’त ७० वर आणि ‘रात्र’मध्ये ४० वर आहे, दोन्ही फेडर चढलेले आहेत. दिवा ७० वर दिसतो. ऑपरेटर ‘दिवाणखाना’ पूर्ण खाली ओढतो, खोली विझते, पण मधला एक दिवा ४० वर रेंगाळतो. यंत्र बिघडलेलं नाही, ‘रात्र’ अजून चालू आहे. रंग आणि हालचाल यांना मात्र हा नियम लावून चालत नाही. उजवीकडे वळलेला दिवा डावीकडे वळलेल्यापेक्षा ‘मोठा’ नसतो. तिथे ‘शेवटचा हुकूम खरा’ असा नियम असतो. एकाच दिव्याचा उजेड एका नियमाने आणि रंग दुसऱ्या नियमाने चालतो, ही गोष्ट विचित्र वाटली तरी दुसरा शहाणा मार्ग नाही.

ग्रुपमधला क्रमही फुकट नसतो. एका बारवरचे चार दिवे डावीकडून पहिला, दुसरा, तिसरा, चौथा असे निवडून साठवले तर धावता परिणाम डावीकडून उजवीकडे जाईल. पहिला, चौथा, दुसरा, तिसरा असे साठवले तर तोच परिणाम अडखळत जाईल. शिवाय बहुतेक बोर्डांवर क्यूमध्ये ग्रुप नोंदला जात नाही, त्या क्षणी निवडलेले दिवे आणि त्यांचे आकडे नोंदले जातात. नंतर ‘दिवाणखाना’त नववा दिवा घातला तर जुन्या क्यूमध्ये तो आपोआप उगवत नाही. पॅलेटचं तसं नसतं. ‘पलंगावर’ अशी दिशा किंवा ‘चांदणं’ असा रंग पॅलेट म्हणून साठवला की क्यू त्या पॅलेटकडे बोट दाखवतो. पॅलेट सुधारलं की त्याच्यावर विसंबलेले सगळे क्यू सुधारतात. हा भेद ठाऊक नसेल तर माणूस ग्रुप दुरुस्त करून समाधानाने घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी तीच चूक पुन्हा दिसते.

एवढा खटाटोप कशाला?

पहिला आक्षेप रास्त आहे: वीस दिव्यांच्या नाटकाला हे सोपस्कार हवेत कशाला? चॅनेल १ म्हणजे पत्ता १, अशी सरळ जोडणी बहुतेक बोर्डांवर आयतीच असते. एकाच सभागृहात, एकदाच होणाऱ्या कार्यक्रमाला ती पुरते, हे मान्य. गॅदरिंगसाठी कुणी तक्ते मांडत बसू नये. पण एकांकिका स्पर्धेचं उदाहरण घ्या. दिवे तेच टांगलेले, आणि एकामागून एक संघ येणार. प्रत्येकाला तयारीला मोजकी मिनिटं. तिथे आयोजकांनी भागवार क्रमांक लावलेला एकच पॅच सगळ्यांना आधी दिला तर प्रत्येक संघ आपले क्यू घरी बसून लिहून आणू शकतो. दिवे थोडेच असतात. थोडे असतात म्हणूनच ते वाया घालवणं परवडत नाही.

दुसरा आक्षेप भावनेचा आहे आणि त्याला अधिक वजन आहे. तापस सेन यांनी १९५९ साली कोलकात्यात ‘अंगार’मध्ये कोळशाच्या खाणीत चढत जाणारं पाणी आणि ‘सेतू’मध्ये धावती आगगाडी उजेडातून उभी केली, ती कुठल्याही संगणकाविना. तेव्हा पॅच आणि ग्रुप म्हणजे कला, असं कुणी म्हणत असेल तर ते हास्यास्पद आहे. मुद्दा इतकाच की त्या काळीही कुठली तार कुठल्या दांड्याला, हे कुणीतरी ठरवत होतं, आणि कुठले दिवे एका हाताने एकत्र ओढायचे हेही. ते ज्ञान माणसाच्या हातात होतं. तो माणूस आजारी पडला की प्रयोगाचा उजेडही आजारी पडायचा. तक्त्यात उतरलेलं ज्ञान दुसऱ्याला सोपवता येतं. मराठी नाटक परदेश दौऱ्यावर जातं आणि तिथले भाड्याचे दिवे, तिथला ऑपरेटर यांच्यासह उभं राहतं, तेव्हा ही गोष्ट सोयीच्या पलीकडे जाते.

तिसरा आक्षेप तंत्रज्ञांचा: जितके थर, तितक्या बिघाडाच्या जागा. पूर्वी दिवा लागला नाही तर दिवा, तार किंवा डिमर. आता त्यात पत्ता, रूप, पॅच, चॅनेल आणि मोठ्या आकड्याचा नियम यांची भर. हे खरंच आहे, आणि बोर्ड आंधळा असल्याने अधिकच खरं. पॅच म्हणजे आपण केलेलं विधान. ते खरं आहे की नाही हे यंत्र सांगत नाही. यावर उपाय जुनाच आहे. प्रेक्षक आत सोडण्याआधी १ पासून शेवटापर्यंत एकेक चॅनेल चढवून मंचाकडे पाहायचं: अपेक्षित दिवा, अपेक्षित जागी, अपेक्षित रंगात. थर वेगळे असण्याचा फायदा इथे मिळतो. डिमरजवळ जाऊन तिथूनच दिवा लावून पाहिला आणि लागला, तर दिवा आणि विजेची बाजू निर्दोष. बोर्डावरून थेट पत्ता चढवला आणि लागला, तर नियंत्रणाची तारही निर्दोष. मग दोष फक्त तक्त्यात उरतो, आणि तो खुर्चीवर बसून दुरुस्त होतो.

पॅचसोबत जे जात नाही

इतकं सगळं म्हटल्यावर पॅचकडून भलत्या अपेक्षा नकोत. तो आकडे पोचवतो, उजेड नाही. ठाण्याचा बार दादरच्या बारपेक्षा पुढे असेल तर पंधरा नंबर तोच राहूनही कोन बदलेल, नटाच्या भुवयांखालची सावली लांब किंवा आखूड होईल. दिव्यांची जात बदलली तरी तेच. हॅलोजन पन्नासवर आणला की पिवळसर लाल होतो, एलईडी तसा होत नाही. एकाच ग्रुपमध्ये दोन्ही असले की मंद होत जाणाऱ्या उजेडात ते फुटून दिसतात. पॅचच्या ओळीतच डिमिंग कर्व्ह, म्हणजे मागितलेल्या आकड्याला प्रत्यक्ष किती उजेड द्यायचा याचं वळण, निवडण्याची सोय बऱ्याच बोर्डांवर असते. त्याने मंद होण्याची गती जुळवता येते, रंगातला फरक जिलेटिनने, म्हणजे दिव्यासमोरच्या रंगीत कागदाने, किंवा रंगाचे आकडे बदलून भागवावा लागतो. फोकस तर शिडीवर चढूनच करायचा. नव्या वास्तूत कामाचा क्रम म्हणून ठरल्यासारखा असतो: टांगणं, जोडणं, पॅच, चॅनेल तपासणी, फोकस, मग हलते दिवे असतील तर पॅलेट सुधारणं. क्यूला हात शेवटी, आणि शक्यतो लावूच नये.

एक मोह मात्र टाळण्यासारखा आहे: नाट्यगृहागणिक वेगळी फाइल ठेवण्याचा. दादरची एक, ठाण्याची एक, पुण्याची एक. सोयीचं वाटतं, पण विसाव्या प्रयोगाला दिग्दर्शक दुसऱ्या अंकातला काळोख दोन सेकंदांनी लांबवतो, तो बदल त्या दिवशीच्या फाइलमध्ये राहतो आणि पुण्यात जुनाच काळोख पडतो. क्यूची फाइल एकच असावी आणि प्रत्येक वास्तूचा पॅच तेवढा वेगळा साठवावा. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्या फाइलमधून फक्त पॅच आत घेता येतो. जिथे ती सोय नाही तिथे चॅनेल आणि पत्ता असे दोन रकाने असलेला, वास्तूचं नाव आणि तारीख टाकलेला कागद पुरतो. तीस-चाळीस ओळी पुन्हा भरायला पंधरा मिनिटं लागतात, आणि ती नेपथ्य लागत असतानाच काढता येतात.